हातगुण वजा करता येतो का? एका नैराश्य-चाचणीतल्या ६२ जणांची गोष्ट

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या तीन शहरांत मिळून ६२ नैराश्यग्रस्तांना सोळा आठवड्यांसाठी एक गोळी सुरू केली गेली. तिच्यात औषध नव्हतं. गोळी देणारे मनोविकारतज्ज्ञ त्यांना दर आठवड्याला भेटायचे, तब्येतीची चौकशी करायचे, गोळीचा काही त्रास होतो का विचारायचे, धीर द्यायचे. गोळीत औषध आहे की नाही, हे त्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. अखेरीस या ६२ पैकी १३ जण ठरलेल्या निकषाप्रमाणे बरे झाल्याची नोंद झाली.

या ६२ जणांना कुठलाही मानसोपचार दिलेला नव्हता. तरीही मानसोपचार खरोखर उपयोगी पडतात का, या वादात पुढची कित्येक वर्षं दोन्ही बाजूंनी त्यांचाच दाखला दिला. (आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की गोळ्याही आल्या. या लेखात मात्र मानसोपचार म्हणजे फक्त बोलून केले जाणारे उपचार.) प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेला पोकळ उपचार, ही कल्पना औषधांच्या दुनियेतून मानसोपचारात आणली की काय होतं, ते या एका चाचणीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

उसनी आणलेली वजाबाकी

औषधाच्या चाचणीत प्लासिबोचं काम सरळ असतं. दोन गोळ्या दिसायला सारख्या, डॉक्टर तेच, भेटी तेवढ्याच, आशाही तेवढीच. फरक फक्त रसायनाचा. एका गटाच्या सुधारणेतून दुसऱ्या गटाची वजा केली की रसायनाचा वाटा हाती येतो. मानसोपचारालाही हीच कसोटी लावायला हवी, असं डेव्हिड रोझेन्थाल आणि जेरोम फ्रँक यांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलं होतं. रुग्ण बरा झाला, पण तो तुमच्या तंत्रामुळे की कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय या भावनेमुळे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

अडचण पुढे येते. गोळीतून रसायन काढता येतं. मानसोपचारातून काय काढायचं? आपुलकी, लक्ष देऊन ऐकणं, बरं वाटेल ही आशा, दर आठवड्याची ठरलेली वेळ हे सगळं औषधाच्या चाचणीत ‘इतर’ या खात्यात जातं. मानसोपचार करणारे कित्येक जण म्हणतील की आमचा उपचार मुळात हाच आहे.

सुरुवातीच्या संशोधकांनी यावर ज्या युक्त्या काढल्या त्यातल्या काही आज वाचताना हसू येतं. गॉर्डन पॉल यांचा १९६६ मधला प्रयोग पाहा. चारचौघांत बोलायची भीती वाटणारे कॉलेजचे विद्यार्थी त्यात होते. त्यातल्या ‘लक्ष-प्लासिबो’ गटाला एक कॅप्सूल दिली आणि हे झटपट गुण देणारं शामक आहे असं सांगितलं. आत खायचा सोडा होता. मग टेपवरचे आवाज ऐकवून ते ओळखायला लावले, आणि अंतराळवीरांना ताण सोसायची सवय लावायला हीच टेप वापरतात अशी थापही ठेवून दिली. गंमत अशी की या गटाचीही भीती उपचार न मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाली.

थाप पचली तरच प्लासिबो चालतो. थॉमस बोर्कोव्हेक आणि सिडनी नाऊ यांनी १९७२ मध्ये नेमकं हेच तपासलं. खऱ्या आणि खोट्या उपचारांमागची स्पष्टीकरणं त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि ती कितपत पटतात ते विचारलं. खोटी स्पष्टीकरणं कमी पटली. म्हणजे दोन गटांत फरक निघाला तरी तो तंत्रामुळे की एका गटाला आपला उपचारच पोकळ वाटला म्हणून, हे सांगता येत नाही. शिवाय उपचार करणाऱ्याला तर सगळं माहीतच असतं. गोळी देणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येते. खोटा मानसोपचार करणाऱ्याला मात्र आपण नाटक करतोय हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं.

चार गट

१९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हा प्रश्न प्राध्यापकांपुरता राहिला नाही. मानसोपचाराचे पैसे विम्यातून द्यायचे का, आणि द्यायचे तर औषधांकडून मागतो तसा परिणामाचा पुरावा यांच्याकडूनही मागायचा का, हे थेट तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये विचारलं जाऊ लागलं. याच काळात तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएमएचने, नैराश्यावरच्या उपचारांची एक मोठी, एकाहून अधिक केंद्रांवरची चाचणी हाती घेतली. आयरीन एल्किन आणि मॉरिस पार्लोफ ही आखणीतली ठळक नावं. केंद्रं तीन: वॉशिंग्टनमधलं जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ, पिट्सबर्ग विद्यापीठ आणि ओक्लाहोमा विद्यापीठ.

२५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली आणि २३९ जणांनी प्रत्यक्ष उपचार सुरू केले. ५९ जणांना संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी. ६१ जणांना आयपीटी, म्हणजे आंतरव्यक्ती उपचार. यात माणसाच्या नात्यांमधले पेच, वियोग, भूमिकांचे बदल यांवर काम करतात. ५७ जणांना इमिप्रॅमिन हे त्या काळातलं सर्वमान्य औषध. उरलेल्या ६२ जणांना प्लासिबो.

आखणी करणाऱ्यांनी मानसोपचाराचा वेगळा प्लासिबो बनवायचा विचार केला होता आणि तो सोडून दिला. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. इतक्या आजारी माणसांना अंतराळवीरांच्या टेपा ऐकवणं बरं दिसलं नसतं, आणि ते चार महिने टिकलंही नसतं. त्याऐवजी गोळीचाच प्लासिबो घेतला. त्याचं मुख्य काम होतं इमिप्रॅमिनची तुलना नीट व्हावी हे. मानसोपचारांना तो आयता मिळाला.

पण नैराश्यात बुडालेल्या माणसाच्या हातात नुसती गोळी देऊन त्याला घरी पाठवणं नैतिकदृष्ट्या शक्य नव्हतं. म्हणून औषध आणि प्लासिबो या दोन्ही गटांना ‘क्लिनिकल मॅनेजमेंट’ची जोड दिली. जॅन फॉसेट आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी रीतसर पुस्तिका लिहिली. पहिली भेट पाऊण तास ते तासभर, नंतर दर आठवड्याला वीस ते तीस मिनिटं. डॉक्टरने तब्येत विचारायची, दुष्परिणाम बघायचे, आधार द्यायचा, आशा जागती ठेवायची, गरज पडली तर साधा सल्लाही द्यायचा. सीबीटी किंवा आयपीटीतलं तंत्र मात्र वापरायचं नाही.

जरा हिशेब करू. सोळा आठवडे नियमित येणाऱ्या प्लासिबो गटातल्या माणसाला अनुभवी मनोविकारतज्ज्ञाचा साधारण सात तासांचा सहवास मिळणार होता. मानसोपचाराच्या गटांत सोळा ते वीस सत्रं, म्हणजे तेरा ते सतरा तास. एका सरकारी दवाखान्यातली ओपीडी डोळ्यांसमोर आणा आणि मग सात तास हा आकडा पुन्हा वाचा.

निकाल आणि भांडण

नैराश्याची तीव्रता हॅमिल्टन मापनपट्टीवर मोजली होती. चाचणीत यायला किमान १४ गुण हवे होते, आणि शेवटी ६ किंवा त्याहून कमी असतील तर माणूस बरा झाला असं धरायचं होतं. उपचार पूर्ण करणारे १५५ होते. त्यांच्यात बरे झालेल्यांचं प्रमाण इमिप्रॅमिन गटात ५७ टक्के, आयपीटीत ५५, सीबीटीत ५१ आणि प्लासिबोत २९. अर्धवट सोडून गेलेल्यांसह सगळे २३९ धरले तर आयपीटी ४३, इमिप्रॅमिन ४२, सीबीटी ३६ आणि प्लासिबो २१. सगळ्यांना धरून केलेल्या या हिशेबात सीबीटी आणि प्लासिबो यांच्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

नुसती सरासरी पाहिली तर अंतर आणखी कमी दिसतं. उपचार पूर्ण केलेल्यांचे अखेरचे सरासरी गुण आयपीटीत ६.९, इमिप्रॅमिनमध्ये ७.०, सीबीटीत ७.६ आणि प्लासिबोत ८.८ होते. सगळेच खाली आले होते.

मग रुग्णांची तीव्रतेनुसार फोड केली. सौम्य नैराश्य असलेल्यांत चारही गट जवळपास एका पातळीवर निघाले. तीव्र नैराश्यात इमिप्रॅमिन स्पष्टपणे सरस ठरलं, आयपीटीचाही थोडा वरचष्मा दिसला, सीबीटी मात्र प्लासिबोच्या पुढे गेली नाही.

१९८६ मध्ये प्राथमिक निष्कर्ष बाहेर आले तेव्हा ‘बोलून केलेले उपचार गोळीइतकेच चांगले’ असा बातम्यांचा सूर होता. १९८९ मध्ये सविस्तर पेपर आला आणि सूर उलटला. डोनाल्ड क्लाइन यांच्यासारख्या औषधवाल्या संशोधकांनी म्हटलं की सीबीटीला प्लासिबोलाही मागे टाकता आलं नाही, मग तिला उपचार का म्हणायचं? नील जेकबसन आणि स्टीव्हन हॉलन यांनी १९९६ मध्ये सीबीटीच्या बाजूने उत्तर दिलं. तीव्र रुग्णांमध्येही केंद्राकेंद्रांत निकाल वेगळे आहेत, एके ठिकाणी सीबीटी औषधाच्या बरोबरीने चालली आहे; मग सगळीकडे ती सारख्याच कसबाने दिली गेली होती कशावरून, असा त्यांचा मुद्दा.

हॉलन, रॉबर्ट डेरुबीस आणि सहकाऱ्यांनी पुढे पेनसिल्व्हेनिया आणि व्हँडरबिल्ट या विद्यापीठांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवर नवी चाचणी घेतली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांनी औषधाला ५० टक्के, संज्ञानात्मक उपचाराला ४३ टक्के आणि प्लासिबोला २५ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला होता. त्यांनी प्लासिबो आठ आठवड्यांतच थांबवला. आणि इथेही दोन केंद्रांत सारखा निकाल आला नाही. संज्ञानात्मक उपचाराचा निकाल पेनसिल्व्हेनियात जास्त चांगला होता.

त्या गटात होतं तरी काय

या भांडणात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता मान्य केली असं मला वाटतं: प्लासिबो गट म्हणजे शून्य, आणि त्याच्या वर जितकं चढाल तितकी तुमची कमाई. औषधासाठी हे बरोबर होतं. इमिप्रॅमिन आणि प्लासिबो या दोन्ही गटांचे डॉक्टर तेच, भेटी त्याच, पुस्तिकाही तीच, त्यामुळे वजाबाकीनंतर रसायनच उरत होतं. सीबीटीच्या बाबतीत वजाबाकी कशाची झाली? एकीकडे तंत्र, त्या तंत्रात तयार झालेले उपचारक, पन्नास मिनिटं आणि गोळी नाही. दुसरीकडे मनोविकारतज्ज्ञ, पंचवीस मिनिटं, आधार, सल्ला आणि ‘मी औषध घेतोय’ ही भावना. या दोन्हींत एकच घटक कमी-जास्त असता तर उत्तराला अर्थ होता. इथे पाच-सहा घटक एकदम बदलले होते, काही सीबीटीच्या बाजूने तर काही विरोधात.

म्हणून सीबीटी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही, या वाक्याचा प्रामाणिक अनुवाद असा: अनुभवी मनोविकारतज्ज्ञाच्या आश्वासक साप्ताहिक भेटी आणि औषध मिळतंय हा विश्वास, यापेक्षा सीबीटीने फार मोठा फरक पाडल्याचं या चाचणीत दिसलं नाही. हे वाक्य लांबलचक आहे, बातमीच्या मथळ्यात मावत नाही, आणि सीबीटीसाठी तितकंसं लाजिरवाणंही नाही. ते ६२ जण खरं तर एका साध्या आधार-उपचाराच्या गटात होते. फक्त त्या गटाला कुणी उपचार म्हटलं नाही.

औषधवाल्यांचा हिशेबही म्हणावा तितका निर्मळ नसतो. इमिप्रॅमिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, घाम येतो. रुग्णाला आणि डॉक्टरला अंदाज येतोच. ज्युडिथ रॅबकिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अशाच एका वेगळ्या चाचणीतल्या रुग्णांना आणि डॉक्टरांना अंदाज विचारला होता. तिथे ७८ टक्के रुग्णांनी आणि ८७ टक्के डॉक्टरांनी औषध की प्लासिबो हे बरोबर ओळखलं. डोळ्यांवरची पट्टी बरीच विरळ होती म्हणायची.

आखणीत सहभागी असलेल्या पार्लोफ यांनीच १९८६ मध्ये एक लेख लिहिला. मानसोपचार संशोधनाला प्लासिबो गट अपरिहार्य आहे की संशोधनातल्या अडचणींवर तो स्वतःच एक प्लासिबो आहे, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला. चाचणीच्या आतल्या माणसाने, मुख्य निकाल छापून येण्याच्या तीन वर्षं आधी हे विचारावं आणि नंतरच्या भांडणात कुणी त्याकडे फारसं लक्ष देऊ नये, याचं मला अजून नवल वाटतं.

हातगुण

‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असं आपण एखाद्या डॉक्टरबद्दल म्हणतो तेव्हा औषधाबद्दल काहीच बोलत नसतो. तीच गोळी दुसऱ्याने दिली तर गुण येणार नाही, असं आपल्याला खरोखर वाटतं. शास्त्राची पदवी घेतलेला माणूस ही आजीबाईंची समजूत म्हणून सोडून देतो.

केव्हिन मॅके, झॅक आयमेल आणि ब्रूस वॅम्पोल्ड यांनी २००६ मध्ये याच चाचणीची आकडेवारी पुन्हा उघडली. मानसोपचाराचे गट बाजूला ठेवून त्यांनी फक्त गोळीचे दोन गट घेतले: ११२ रुग्ण, ९ मनोविकारतज्ज्ञ. प्रत्येक डॉक्टरने दोन्ही गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे डॉक्टर आणि गोळी यांचा वाटा वेगवेगळा काढता येत होता. बेक यांच्या नैराश्य प्रश्नावलीवर रुग्णारुग्णांत जो फरक दिसला त्यातला ३.४ टक्के गोळीमुळे होता. डॉक्टर कोण, यामुळे ९.१ टक्के. निकालांत वरच्या एक-तृतीयांशात येणाऱ्या डॉक्टरांचे प्लासिबो घेणारे रुग्ण खालच्या एक-तृतीयांशातल्या डॉक्टरांच्या इमिप्रॅमिन घेणाऱ्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारले होते.

नऊ डॉक्टर म्हणजे फार लहान नमुना. त्यावर इमारत उभारू नये. पण याच चाचणीचा आणखी एक धागा त्याला जुळतो. जेनिस क्रुपनिक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सत्रांच्या ध्वनिचित्रफिती तपासून उपचार करणारा आणि रुग्ण यांच्यातलं सूत कितपत जुळलंय ते मोजलं. जिथे ते चांगलं जुळलं तिथे निकालही चांगला आला, आणि हे चारही गटांत दिसलं. म्हणजे प्लासिबो गटातसुद्धा.

मग प्लासिबो गट नीट बांधला तर काय होतं? वॅम्पोल्ड यांच्याच गटातल्या बास्किन यांनी २००३ मध्ये २१ अभ्यासांची छाननी केली. खोट्या उपचाराची सत्रं कमी, वेळ कमी, उपचारक कमी शिकलेला, रुग्णाला स्वतःच्या अडचणीवर बोलायलाही मनाई, अशी लंगडी तुलना होती तिथे खऱ्या उपचाराची सरशी ०.४७ प्रमाण-विचलनाइतकी (रुग्णारुग्णांतल्या फरकाच्या पसाऱ्याचं माप) निघाली. बांधणी बरोबरीची होती तिथे ती ०.१५ वर आली. यावरून तंत्र फुकट असतं असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: बरोबरीचा प्लासिबो म्हणजे प्रशिक्षित माणसाने, तेवढाच वेळ देऊन, रुग्णाच्या खऱ्या दुःखावर बोलणं. तो मानसोपचारच झाला की.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच मोठी. प्लासिबो नको म्हणून रुग्णांना नुसतं प्रतीक्षा यादीवर ठेवायचं आणि त्यांच्याशी तुलना करायची, ही सोय फार लोकप्रिय आहे. ‘तुमचा नंबर तीन महिन्यांनी’ असं कळलेला माणूस स्वतःहूनही काही करत नाही, वाट बघत बसतो. तोशी फुरुकावा आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या विश्लेषणात प्रतीक्षा यादीतले लोक काहीच उपचार नसलेल्यांपेक्षाही मागे राहिल्याचं दिसलं. अशा गटासमोर कुठलाही उपचार उठून दिसेल.

गोव्यातल्या दोन चाचण्या

एनआयएमएचच्या चाचणीचा सांगाडा आपल्या अगदी शेजारी पुन्हा उभा राहिला होता, हे फार जणांना माहीत नसतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीत आलेल्या, चिंता-नैराश्यासारखे सर्रास आढळणारे मानसिक त्रास असलेल्या ४५० प्रौढांची तीन गटांत वाटणी केली: फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, प्लासिबो आणि मानसोपचार. हा अभ्यास २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन प्लासिबोपेक्षा सरस होतं, पुढे तो फरक टिकला नाही. मानसोपचार कुठल्याच मोजमापात प्लासिबोच्या पुढे गेला नाही. लेखकांनी भारतातल्या सर्वसाधारण रुग्णालयांसाठी स्वस्त औषधाचीच शिफारस केली, आणि ठरावीक आजारासाठी ठरावीक मानसोपचार तपासावा असंही सुचवलं.

तुलना इथेही तीच होती. मानसोपचाराची गाठ पडली होती ती गोळी आणि डॉक्टर या जोडीशी. आपल्याकडे ओपीडीत आलेल्या माणसाला गोळी मिळाली म्हणजे ‘दाखवून आलो’ असं होतं. नुसतं बोलून परत पाठवलं तर घरचे विचारतात, मग औषध काय दिलं? अशा ठिकाणी प्लासिबोची गोळी बरीच वजनदार ठरते, हा माझा तर्क. त्या अभ्यासाने तो सिद्ध केलेला नाही.

चौदा वर्षांनी, २०१७ मध्ये, पटेल आणि सहकाऱ्यांची दुसरी चाचणी लॅन्सेटमध्येच आली. या वेळी गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण, आणि उपचार देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हे तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक. उपचार सहा ते आठ सत्रांचा: दिवसाचा क्रम पुन्हा लावणं, सुटलेली कामं आणि माणसं हळूहळू परत जोडणं, समोरच्या अडचणी सोडवणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते.

या आखणीत प्लासिबो नव्हता. तुलनेच्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली, पण तिच्यात भर घातली होती: रुग्णाला नैराश्य आहे हे केंद्रातल्या डॉक्टरला कळवलं जायचं आणि काय करायचं याच्या मार्गदर्शक सूचना त्याच्या हाती दिल्या होत्या. या गटातले ३९ टक्के सुधारले. समुपदेशकाची सेवा गावात सुरू केल्याने किती जास्त माणसं बरी होतील, हे या दोन आकड्यांतून कळतं आणि सरकारी अधिकाऱ्याला तेच हवं असतं. ६४ मधला तंत्राचा वाटा किती आणि आपल्या गावच्या माणसाने वेळ काढून ऐकून घेतल्याचा किती, हे त्यांतून कळत नाही. ते कळावं म्हणून आखणी केलेलीच नव्हती.